हाकेला वळत नाही, कुल्फीच्या घंटीला मात्र धावतो : वर्गातला ऑटिझम ओळखताना

प्रश्न असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतले सर लिहितात : दुसरीत एक मुलगा आहे. नावाने कितीही हाका मारा, वळत नाही. पण कुल्फीवाल्याची घंटी लांबून आली तरी दाराशी धावतो. तीसपर्यंत पाढे तोंडपाठ आहेत, मात्र "तुझं नाव काय?" विचारलं की तोही "तुझं नाव काय?" म्हणतो. पोषण आहारातली खिचडी खात नाही, फक्त पांढरा भात खातो. आजी म्हणते, "याचा बापही उशिराच बोलला." आई म्हणते मोबाईलमुळे झालं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहून "मतिमंद आहे, विशेष शाळेत टाका" असं सांगितलं. हा ऑटिझम आहे का, निदान कुठे आणि कसं होतं, घरच्यांना कसं सांगायचं? जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की त्याच वर्गात तांड्यावरची एक मुलगी अगदी गप्प असते, पण "तिचा काही त्रास नाही".

सर, तुम्ही लिहिलेल्या खुणा पाहता ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शंका घ्यायला जागा आहे आणि तपासणी व्हायलाच हवी. "आहे" असं मात्र मी इथून म्हणणार नाही, आणि तुम्हीही शाळेतून म्हणू नका. मी विशेष शिक्षिका आहे, निदान करणं माझ्या अधिकारात येत नाही. मुलाला तपासणीपर्यंत नेणं आणि परत आल्यावर त्याला वर्गात रुळवणं, हे माझं काम. ते करताना एक गोष्ट पक्की कळली आहे : आपल्या भागात निदान अडतं ते माहितीअभावी. पहाटेच्या एसटीने निघालेलं, उपाशी, रडून दमलेलं लेकरू डॉक्टरांना ओपीडीत दहा मिनिटं दिसतं. तेवढ्यात ते टेबलाखाली जाऊन बसलं तर त्यावरून काय ठरवणार? तुमच्यासमोर ते रोज पाच-सहा तास असतं. तुम्ही पाहिलेलं नीट कागदावर उतरलं तर त्या दहा मिनिटांना अर्थ येतो. म्हणून या उत्तरात मी काय पाहायचं आणि कसं लिहायचं यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

कुल्फीच्या घंटीपासून सुरुवात करू. त्यावरून घरचे म्हणतील, "ऐकू येते त्याले, मुद्दाम करते." इथे दोन चुका होतात. एक, मुद्दाम करण्यासाठी समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज लागतो, आणि नेमकं तेच या मुलांना जड जातं. दुसरी, घंटी ऐकू आली म्हणजे बोलणंही नीट ऐकू येतं, असं नाही. काही मुलांना ठराविक पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि बाकीचे पुसट होतात. कान वारंवार फुटणाऱ्या लेकरांत तर हे हमखास तपासावं. बोलणं उशिरा आलेल्या कुठल्याही मुलाची पहिली तपासणी श्रवणाची. मूल सहकार्य करत नसेल तर झोपेत असताना 'बेरा' नावाची तपासणी करतात. आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद त्यात मोजला जातो. श्रवणाची तपासणी झाल्याशिवाय कुणी ऑटिझमचा शिक्का मारत असेल तर थांबवा.

आता लक्षणं. आज डॉक्टर जे निकष वापरतात ते मुख्यतः दोन ठिकाणचे : अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ सालची डीएसएम-५ ही निदानपुस्तिका आणि जागतिक आरोग्य संघटनेची, जानेवारी २०२२ पासून लागू झालेली आयसीडी-११ ही आजारांची वर्गवारी. दोन्हींत दोनच बाजू पाहतात. पहिली, माणसांशी होणारी देवाणघेवाण. दुसरी, त्याच त्या वागण्याची, आवडींची, नेमाची घट्ट पकड. ज्ञानेंद्रियांचं वेगळेपणही हिच्यातच येतं. दोन्ही बाजू दिसायला हव्यात, सुरुवात लहानपणापासूनची असायला हवी आणि रोजच्या जगण्यात अडचण यायला हवी. नुसतं उशिरा बोलणं किंवा नुसतं हात फडफडवणं यातून काही सिद्ध होत नाही.

पहिली बाजू वर्गात कशी पाहायची? सगळे नजरेच्या मागे लागतात : "डोळ्यांत पाहते का?" आपल्याकडे ही खूण तशी कच्ची आहे. मास्तरांसमोर मान खाली घालायची हे घरोघरी शिकवलेलं असतं. त्यापेक्षा टिनावर माकडं धडधडत आली की काय होतं ते पाहा. सगळी पोरं वर पाहतात, मग लगेच एकमेकांकडे पाहतात, कुणी तुमच्याकडे पाहून बोट दाखवतं, "सर, माकड!" त्या क्षणी हा मुलगा काय करतो? माकड पाहतही असेल. पण पाहिलेलं दुसऱ्याला दाखवावं, त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते बघावं, ही ओढ दिसते का? वस्तू हवी म्हणून बोट दाखवणं आणि मजा वाटली म्हणून बोट दाखवणं यात फार फरक आहे. दुसरं बोट बहुतेक मुलांत साधारण दीड वर्षापर्यंत येतं. स्वमग्न मुलांत ते उशिरा येतं, थोडं येतं किंवा येतच नाही. पुष्कळदा असं मूल आईचा हात मनगटाला धरून डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवतं, तिच्या चेहऱ्याकडे न पाहता.

बोलण्याचंही तसंच. तो "तुझं नाव काय?" हे जसंच्या तसं परत म्हणतो, याला प्रतिध्वनी बोलणं म्हणतात. ते निरर्थक नसतं. "पाणी पाहिजे का?" असं म्हणत तो माठाकडे जात असेल, तर तो पाणी मागतोय, मागायचं वाक्य त्याने आईच्या तोंडून जसं ऐकलं तसंच्या तसं साठवलंय. कधी ऐकलेलं वाक्य दोन दिवसांनी भलत्याच जागी येतं. आणखी एक गोष्ट मी अनेक मुलांत पाहिली आहे. घरात सगळे वऱ्हाडी बोलतात, आणि पोरगं बोलतं ते कार्टूनमधल्या स्वच्छ हिंदीत नाहीतर इंग्रजी बडबडगीतांत. घरच्यांना त्याचं कौतुक वाटतं. मला त्यात दिसतं ते असं, की त्याने भाषा माणसांकडून न उचलता पडद्यावरून उचलली. हे लिहून ठेवा.

खेळ पाहायला तान्हा पोळ्यासारखा दिवस नाही. बाकीची मुलं लाकडी नंदी सजवतात, ओढतात, त्याला हंबरायला लावतात, खोटा चारा घालतात. एखादं मूल तो नंदी उलटा करून तासभर त्याचं चाकच फिरवत बसतं. एका दिवसावरून निष्कर्ष नको, पण वस्तूचा खेळ न होता वस्तूच्या एका भागाचीच गोडी लागणं ही नोंद घेण्यासारखी खूण आहे.

दुसरी बाजू घरच्यांना "हट्ट" वाटते आणि शिक्षकांना "बेशिस्त". ठरलेल्या जागेवर दुसरं कुणी बसलं की आकांत. उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की पहिले आठ-दहा दिवस रडारड. नेहमीच्या वाटेवर नाला आला म्हणून वळसा घेतला तर रस्त्यातच बसकण. एसटीच्या पाट्या, मोटारसायकलींचे नंबर, पंखा, हातपंपाची धार यांत गुंतून पडणं. खिचडीही इथेच येते. वरण-भात-भाजी एकत्र झाली की तिचा पोत, वास, रंग दर घासाला बदलतो. पांढरा भात मात्र रोज तसाच असतो. अशा मुलाला कोंबून खाऊ घालू नका, थाळीत भात वेगळा आणि वरण वेगळं द्या. प्रार्थनेचा स्पीकर, लग्नातला डीजे, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल, केस कापणं हे काहींना सोसवतच नाही. काहींचं याच्या उलट असतं. मे महिन्यात तापलेल्या फुफाट्यात अनवाणी उभं राहतील, पायात काटा मोडला तरी रडणार नाहीत. हे "सोशिक आहे" म्हणून सोडून देऊ नका. जखमा तपासत जा.

तीसपर्यंतच्या पाढ्यांबद्दल जपून. गावात लगेच दोन मतं होतात : "हुशार आहे, काही झालं नाही" किंवा "गणिताचा जादूगार आहे". पाठांतर खरं आहे आणि ते त्याचं बळ आहे. पण चार मुलांना दोन-दोन बोरं दे म्हटल्यावर जमतं का ते पाहा. पाठ येणं आणि वापरता येणं या दोन वेगळ्या नोंदी करा.

मग तालुक्याच्या डॉक्टरांच्या "मतिमंद"चं काय? कायद्याच्या भाषेत आता बौद्धिक अक्षमता म्हणतात. तिच्यात सगळाच विकास बराचसा एका पातळीने मागे असतो : बोलणं, समज, स्वतःचं आवरणं. पण सात वर्षांचं मूल चार वर्षांच्या मुलासारखं वागलं तरी ते चार वर्षांच्या मुलासारखं येऊन बिलगतं, दाखवतं, नक्कल करतं, रुसतं. ऑटिझममध्ये पातळी खालीवर असते, एका बाबतीत पुढे आणि दुसऱ्यात फार मागे. काही मुलांना दोन्ही असतं, तेव्हा दोन्हींची तपासणी लागते. दोन मिनिटांत आणि बुद्ध्यांक चाचणी न करता यातलं काहीच सांगता येत नाही. शिवाय अतिचंचलता, फिट्स, ऐकण्यातला दोष, आणि कोवळ्या वयात माणसांचा सहवास न मिळणं यांचीही सरमिसळ होते. फिट्स स्वमग्न मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतात. मूल मधेच काही सेकंद शून्यात गेलं, पापण्या फडफडल्या, तर वेळ आणि तारीख टाकून लिहा.

आता तुमच्या त्या गप्प मुलीकडे येते, कारण "तिचा काही त्रास नाही" हे वाचून मी थांबले. तिच्याबाबत दोन-तीन शक्यता आहेत आणि त्या वेगवेगळ्या दिशेला जातात. तांड्यावर घरी गोरमाटी बोलतात. मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या पोडांवर कोलामी, गडचिरोलीत माडिया आणि गोंडी. शाळेची मराठी कळायला अशा मुलांना वेळ लागतो, तोवर ती गप्प राहतात. म्हणून पहिला प्रश्न आईला : घरी, स्वतःच्या बोलीत, ही कशी बोलते? घरी बडबडी असेल, बहिणींशी भांडत असेल, तर ऑटिझमची शंका बरीच मागे पडते. भाषेचा बुजरेपणा किंवा ठराविक ठिकाणीच वाचा बसणं याचा विचार करावा लागतो. पण घरीही एकटी, एकच बाहुली त्याच क्रमाने मांडणारी, पाहुणे आले की कोपऱ्यात जाणारी असेल तर तिच्याही नोंदी सुरू करा. ऑटिझम मुलग्यांत जास्त नोंदवला जातो. त्यातला काही भाग असा, की मुली निसटतात. त्या शेजारणीचं पाहून पाहून वागतात, पाटी पुसतात, रांगेत उभ्या राहतात, आणि घरी गेल्यावर तासभर रडतात. मुलगी गप्प आहे म्हणून आपल्याकडे कुणी तक्रार करत नाही, "गुणाची आहे" म्हणतात. तिची तपासणी होत नाही ती या कौतुकामुळे.

नोंदी कशा लिहायच्या ते सांगते. असं लिहू नका : "हट्टी आहे, लक्ष देत नाही, मंद वाटतो." यातल्या एकाही शब्दाचा डॉक्टरला उपयोग नाही. असं लिहा :

"सोमवार. हजेरीत पाच वेळा नाव घेतलं, एकदाही वळला नाही. खांद्याला हात लावला, झटकला. साडेअकराला कुल्फीची घंटी, लगेच दाराशी गेला. मधल्या सुट्टीत सगळा वेळ हातपंपापाशी, धार बोटांनी तोडत होता. तीन मुलांनी बोलावलं, कुणाकडे पाहिलं नाही. जेवताना पांढरा भात खाल्ला, वरण लागलेला भाग बाजूला केला. घरी जाताना 'गाडी क्रमांक' असं बसस्थानकावरचं वाक्य सात-आठ वेळा म्हणाला."

असं दोन आठवडे, रोज पाच-सहा ओळी. "पाच वेळा" आणि "सगळा वेळ" हे शब्द महत्त्वाचे का, ते ऐका. भारतात ऑटिझमचं मोजमाप आणि दाखला यासाठी 'आयसा' ही मापनश्रेणी वापरतात, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली. तिच्यात सहा विभागांत ४० विधानं आहेत आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. गुण ठरतात ते ती गोष्ट किती वेळा दिसते यावर : क्वचित, कधी कधी, वारंवार, बहुतेक वेळा, नेहमी. एकूण ७० च्या खाली असेल तर या श्रेणीनुसार ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. तिथे बसलेली आई घाबरून "कधी कधी करते" म्हणते, कारण लेकराची बदनामी तिला नको असते. तुमचा कागद सांगतो, पाचपैकी पाच वेळा. सौम्य आणि मध्यम यांत एवढ्यानेही फरक पडू शकतो.

आईवडिलांच्या परवानगीने मोबाईलवर एक-एक मिनिटाची दोन-तीन चित्रणंही घ्या : खेळताना, जेवताना, हाक मारताना. डॉक्टरांना दाखवा आणि नंतर पुसून टाका. शाळेच्या किंवा केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकूनही टाकू नका.

लहानपणची हकीकत काढणं ही वेगळीच कला आहे. "किती महिन्यांचा असताना पहिला शब्द बोलला?" याला आई "ध्यानात नाही" म्हणते आणि डॉक्टर रकाना रिकामा सोडतात. सणांनी आणि शेतीच्या कामांनी विचारा. पोळ्याला चालत होता का? सोयाबीन काढणीच्या वेळी "आई" म्हणायचा का? त्या वर्षीच्या सीतादहीला कुणाच्या कडेवर जायचा, का फक्त आईकडेच? अशी विचारली की तारखा आपोआप निघतात. अंगणवाडी सेविकेला बोलवा, तिला बरंच आठवतं. माता-बाल संरक्षण कार्ड असेल तर तेही काढून ठेवा. एक प्रश्न आवर्जून विचारा : आधी बोलत होता आणि मग बोलणं गेलं, असं झालं का? काही मुलांत दीड ते दोन वर्षांच्या सुमारास आलेले शब्द जातात. ही हकीकत डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे.

तपासणीचा मार्ग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं, आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या विकासातला विलंब पाहणं हे त्यांचंच काम आहे. पथक येईल तेव्हा त्यांच्या हातात तुमचा कागद द्या आणि संदर्भचिठ्ठी लिहून घ्या. येईपर्यंत थांबायचं नसेल तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा. पुढे जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र, नाहीतर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे बालरोग आणि मानसोपचार विभाग. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल आणि एम्स हे पर्याय आहेतच. कुठेही जा, आधी फोन करून ठरावीक ओपीडीचा वार विचारा. मानसशास्त्रज्ञ त्या दिवशी नसतील तर आईची दोन दिवसांची मजुरी बुडते, आणि तिसऱ्यांदा ती येत नाही. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांनाही आजच कळवा. सोबत जाणं हे आमच्या कामातलंच आहे.

तिथे काय होतं? श्रवण, बुद्ध्यांक किंवा विकासाची चाचणी, आईवडिलांची सविस्तर मुलाखत, मुलाचं निरीक्षण, आयसा. रक्ताच्या कुठल्याही तपासणीत किंवा मेंदूच्या एमआरआयमध्ये ऑटिझम "दिसत" नाही. फिट्सची शंका असेल तर ईईजी (मेंदूतल्या लहरींचा आलेख), चेहरेपट्टी किंवा डोक्याचा घेर वेगळा असेल तर जनुकीय तपासणी, अशी कारणापुरती यादी असते. पहिल्याच भेटीत कुणी महागड्या स्कॅनची रांग लावली तर "याने काय कळेल?" असं विचारायला लाजू नका.

घरच्यांना सांगणं. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी शाळेत बोलावू नका, येतील ती घाईत आणि भीतीत. संध्याकाळी घरी जा, आईवडील आणि आजी तिघांनाही बसवा. आजीला वगळलं तर तुमची पाठ वळताच सगळं उलटेल. आधी त्याला काय येतं ते सांगा. पाढे म्हणून दाखवायला लावा. मग दोन घडलेले प्रसंग सांगा, कुठलंही नाव न घेता, आणि म्हणा, "कान आणि विकास तपासून घेऊ." "याचा बापही उशिरा बोलला" हे खोडू नका. ते खरंही असेल. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्याला धाकटं भावंड असेल तर त्याच्याकडेही लक्ष ठेवा, कारण भावंडांत ही शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. १६ ते ३० महिन्यांच्या बाळासाठी २० प्रश्नांची एक सोपी चाळणी आहे, तिला एम-चॅट म्हणतात; बालरोगतज्ज्ञांकडे ती असते.

आईचं ओझं मात्र तिथेच उतरवा. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये बाल्टिमोरला ऑटिझम असलेल्या अकरा मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली, आणि पुढची वीसेक वर्षं थंड स्वभावाच्या आयांमुळे हे होतं असं मोठमोठे लोक सांगत राहिले. ते साफ खोटं ठरलं. लसीमुळे ऑटिझम होतो या समजुतीचंही तसंच : ती ज्यावरून पसरली तो १९९८ चा ब्रिटिश लेख नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. मोबाईलमुळे ऑटिझम होत नाही. पण दिवसाचे पाच तास मोबाईल पाहणाऱ्या लेकराशी तेवढे तास कुणी बोलत नाही, म्हणून तो कमी करायचाच. मोबाईल बंद केल्यावर फरक पडला तरी तपासणी रद्द करू नका.

भगताकडे नेतील. माझं मत असं, की त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नये. "तिथं जाऊन या, आणि सोमवारी यवतमाळलाही जाऊ" एवढं पुरतं. चटके, उपाशी ठेवणं, मारणं असलं काही दिसलं तर मात्र गप्प बसायचं नाही. मला जास्त भीती वाटते ती कोट घातलेल्यांची. शहरातून येऊन शिबिरं घेणारे, "पूर्ण बरा करू" म्हणणारे, स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवणारे. स्टेम सेल उपचार ऑटिझमसाठी सुचवू नयेत, ही भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच घेतली आहे. एकर विकून तिथे पैसे घालू पाहणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. ऑटिझमची मूळ लक्षणं घालवणारं औषध नाही. झोप, फिट्स, फार चिडचिड यांसाठी औषधं असतात आणि ती डॉक्टर ठरवतात. बाकी काम वाचा उपचार, व्यवसायोपचार (रोजची कामं आणि हालचाली जमाव्यात म्हणून दिलेला सराव), घर आणि शाळा यांचं.

निदानाची वाट न पाहता वर्गात चार गोष्टी सुरू करा. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावा, बदल होणार असेल तर आधी चित्र बदलून दाखवा. छोटं वाक्य बोला आणि मनात दहापर्यंत मोजून थांबा. आपण तिसऱ्यांदा विचारतो तेव्हा त्याचं पहिल्याचं उत्तर तयार होत असतं. स्पीकर लागण्याआधी त्याला व्हरांड्याच्या टोकाला उभं करा. "माझ्याकडे पाहा" हा हट्ट सोडा. त्याला एसटीच्या पाट्या आवडत असतील तर वाचन पाट्यांवरून शिकवा. आर्णी, दिग्रस, पुसद या शब्दांत बरीच अक्षरं बसतात. एक समजूतदार मुलगा जोडीला द्या, पण रोज तोच नको, त्याचंही बालपण आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत पक्का झाला. दाखल्यासोबत यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. दाखल्यावरचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर एसटीची सवलत, राष्ट्रीय न्यासाचा १ लाख रुपयांपर्यंतचा निरामय आरोग्य विमा, बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक हे दरवाजे उघडतात. लहान मुलांचा दाखला बहुधा मुदतीचा असतो, तारीख संपण्याआधी पुन्हा न्यावं लागतं. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळेच्या सरकारी माहिती-नोंदीत, ऑटिझमची नोंद कागद हातात आल्यावरच करा, अंदाजाने नको. आणि "विशेष शाळेत टाका" या सल्ल्याला उत्तर असं, की शेजारच्या शाळेत शिकण्याचा हक्क त्याला या कायद्याने दिला आहे. विशेष शाळा हा पालकांनी निवडायचा पर्याय आहे. कुणी फर्मान काढून तिथे पाठवायचं नसतं.

तुमच्या नोंदींच्या दोन प्रती काढा. एक तपासणीला जाईल. दुसरी त्याच्या फाईलमध्ये ठेवा, कारण तुमची शाळा संपली की तो तालुक्याच्या हायस्कूलला एसटीने जाणार. तिथे सात शिक्षक बदलून बदलून वर्गावर येतील, आणि कुल्फीची घंटी, वरणाशिवायचा भात, व्हरांड्याचं टोक यातलं त्यांना काहीच माहीत नसेल. बदली झाली तर नव्या शिक्षकांच्या हातात ती फाईल स्वतः द्या. तपासणीची तारीख मिळाली की कळवा. आयसाचे गुण विभागवार लिहून पाठवलेत तर पुढच्या सहा महिन्यांचं नियोजन आपण मिळून करू. त्या मुलीच्या आईशी बोलणं झालं की तेही कळवा.